बोटीचं भाडं कोण देणार?

पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना घरी आलेले पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘कधी संपणार?’ आणि दुसरा, ‘सरकार महिन्याला पैसे देतं ना, मग आणखी कशाला लागतात?’ पहिल्याचं उत्तर खुद्द विद्यार्थ्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा तो सोडून देऊ. दुसरा मात्र रास्त आहे. पैसे शेवटी करदात्यांचे आहेत, आणि ते कुठे जातात हे विचारायचा पाहुण्यांना पूर्ण हक्क आहे. विषय समुद्रातल्या प्रवाळांचा असेल तर या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक होतं. ते शोधायला आपण अशा एका शहरात जाऊ, जिथे प्रवाळ औषधालासुद्धा सापडत नाहीत.

१. कोलकात्यात प्रवाळ कुठले?

आधी प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. प्रवाळ हा प्राणी आहे. बोटाच्या पेराहून लहान, पिशवीसारखं शरीर, वर तोंड आणि तोंडाभोवती मिशा. त्याला पॉलिप म्हणतात. असे हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात आणि बुडाशी चुन्याचा सांगाडा रचत जातात. पिढ्यान् पिढ्यांचे सांगाडे साचून जो खडक तयार होतो ती प्रवाळभित्ती. (ज्योतिषी अंगठीत घालायला सांगतात ते लाल पोवळं यांचं दूरचं नातेवाईक. ते भूमध्य समुद्राकडचं, आणि भित्ती बांधत नाही.) भित्ती बांधणाऱ्या पॉलिपच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला देतात. म्हणून या प्रवाळांना उथळ, उबदार, खारं आणि मुख्य म्हणजे ऊन आत शिरेल इतकं नितळ पाणी लागतं.

हुगळीच्या मुखाशी यातलं नितळ पाणीच नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ आणि गोडं पाणी मिळून बंगालच्या उपसागराचं ते टोक चहासारखं दिसतं. जवळच्या मोठ्या प्रवाळभित्ती म्हणजे अंदमानच्या. विमानानं दोन-सव्वादोन तास, जहाजानं तीन-चार दिवस.

तरीही भारतातल्या प्रवाळांची वही कोलकात्यात ठेवलेली आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, म्हणजे झेडएसआय, १ जुलै १९१६ रोजी तिथे स्थापन झाली. ती जन्मली १८१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन म्युझियमच्या प्राणिविभागातून. आज तिचं मुख्यालय न्यू अलिपूरमध्ये आहे. अंदमानात पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झालं आहे, तिचं प्रादेशिक केंद्र १९७७ पासून चालू आहे. पश्चिम केंद्र आपल्या पुण्यात, आकुर्डीला.

या वहीतली एक नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८३ साली सी. एस. गोपीनाथ पिल्लई यांनी भारतातल्या दगडी प्रवाळांची यादी केली तेव्हा ती १९९ जातींची झाली. २०१२ मध्ये झेडएसआयनं प्रवाळ ओळखण्याची पुस्तिका काढली तेव्हा हा आकडा पावणेपाचशेच्या आसपास गेला होता. तीस वर्षांत प्रवाळ वाढले का? उलट, ते याच काळात मार खात होते. वाढल्या त्या पाण्याखाली मारलेल्या बुड्या. (काही नावांची फेरमांडणी झाली, तोही भाग आहे.) एक बुडी म्हणजे एक बोट, दोन माणसं आणि हवेची नळकांडी, आणि या सगळ्याला भाडं पडतं.

२. जहाज एकाचं, जाळं दुसऱ्याचं

इंग्रजी अमदानीत हे भाडं कोण देत होतं? सरळ उत्तर असं की प्रवाळांसाठी म्हणून कोणीच देत नव्हतं.

१८७४ मध्ये कोलकात्यात सागरी सर्वेक्षण खातं सुरू झालं. काम होतं नकाशांचं, म्हणजे जहाजं कुठे रुततील, बंदराचा मार्ग किती खोल आहे, हे मोजण्याचं. या खात्याचं ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे जहाज १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेलं. त्यावर एक डॉक्टर असे, आणि त्यानं खलाशांच्या नाड्या तपासून उरलेल्या वेळात समुद्रातले जीव गोळा करायचे अशी सोय होती. पद होतं ‘सर्जन-नॅचरलिस्ट’. पगार लष्करी वैद्यकीय सेवेतून, कोळसा सर्वेक्षणाचा, आणि जाळं टाकायचं ते नकाशाच्या कामात खोळंबा होणार नाही तेव्हा. आल्फ्रेड अल्कॉक १८८८ ते १८९२ या पदावर होते. पुढे ते इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. त्यांच्यानंतरच्या पिढीतले सेमूर स्यूवेल याच वाटेनं झेडएसआयच्या संचालकपदापर्यंत पोहोचले. ऑक्टोबर १९२१ ते मार्च १९२२ हा निकोबारमधला सर्वेक्षणाचा मोसम त्यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात लिहून ठेवला आहे. म्युझियममध्ये साठलेल्या प्रवाळांवर जॉर्ज मथाई यांनी १९२४ मध्ये अहवाल छापला. जहाज जिथे नांगर टाकी तिथले प्रवाळ कोलकात्याच्या कपाटात आले. जिथे नकाशाचं काम नव्हतं तिथले आले नाहीत.

त्याच शहरात पैशाचा दुसरा एक झरा वाहत होता, आणि त्याचा उगम मुंबईत होता. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला त्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कोलकाता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. त्यातून ‘प्रेमचंद रायचंद स्टुडंटशिप’ सुरू झाली. पदवीनंतर अभ्यास चालू ठेवणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला ती मिळे. शिक्षणतज्ज्ञ आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी. आजच्या फेलोशिपची ही पणजीच म्हणायची.

म्हणजे थैल्या दोन. एक माणसासाठी, दुसरी जहाजासाठी. त्या वेगवेगळ्या हातांत होत्या आणि एकमेकींशी त्यांचं बोलणं नव्हतं. दीडशे वर्षांत बाकी बरंच बदललं, हे मात्र फारसं बदललेलं नाही.

३. फेलोशिप म्हणजे नेमकं काय

विज्ञानात पीएच.डी. करणारा विद्यार्थी सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देतो. वरचा क्रमांक आला तर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आहेत. दोन वर्षांनी कामाचा आढावा घेऊन एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, होते, तेव्हा ४२,०००. शिवाय नियमानुसार घरभाडं. एकूण मुदत पाच वर्षं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. २०१८ पासूनची पंतप्रधान संशोधन फेलोशिप याहून घसघशीत, महिना ७० ते ८० हजार. पण ती निवडक संस्थांतच मिळते.

ही रक्कम कमी आहे की पुरेशी, हा वाद आपण बाजूला ठेवू. ती कशासाठी आहे ते पाहू. ती माणसानं जगावं म्हणून आहे. खोलीभाडं, जेवण, घरी पाठवायचे चार पैसे. संशोधनाच्या खर्चासाठी तिच्या शेजारी एक छोटा खण असतो, त्याला ‘कंटिन्जन्सी’ म्हणतात. सीएसआयआरच्या फेलोला तो वर्षाला २०,००० रुपयांचा. रसायनं, कागद, छपाई, प्रवास, सगळं त्यात.

शेतगड्याला सालभराची मजुरी ठरवली, पण बियाणं कोणी आणायचं आणि विहिरीवरच्या मोटारीचं बिल कोणी भरायचं हे बोलणंच झालं नाही, तर तो गडी रोज बांधावर येऊन बसेल आणि रान पडीक राहील. फेलोशिपचं तसंच आहे. इतिहासाच्या किंवा गणिताच्या विद्यार्थ्याचं रान ग्रंथालयात असतं, तिथे फारसं अडत नाही. प्रवाळवाल्याचं रान समुद्राच्या तळाशी आहे.

४. एका मोसमाचा हिशेब

आता पाहुण्यांना पटेल असा हिशेब मांडू. खालचे दर समजण्यासाठी धरलेले गोल आकडे आहेत. बेट, मोसम आणि ओळखीपाळखी यांप्रमाणे ते खालीवर होतात.

कोलकात्याची एक विद्यार्थिनी अंदमानात महिनाभर जाणार आहे. तिला भित्तीवर ठरावीक जागी पन्नास मीटरची फीत अंथरायची आहे आणि फितीखाली कुठे जिवंत प्रवाळ, कुठे मेलेला, कुठे वाळू आणि कुठे शेवाळ, हे टिपायचं आहे. पद्धत इतकी साधी. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा फीत टाकली की बदल कळतो. महिन्यातले पंधरा दिवस समुद्र साथ देईल असं धरू. दिवसाला दोन बुड्या.

पहिली गोष्ट, ती एकटी पाण्यात उतरू शकत नाही. स्कूबाचा नियमच आहे की जोडीदार हवा. म्हणजे सगळं दुप्पट. दोघांचं जाण्यायेण्याचं विमान १४,००० रुपये प्रत्येकी धरलं तर २८,०००. राहणं-जेवण दिवसाला माणशी हजार, तीस दिवसांचे ६०,०००. बोट दिवसाला ८,०००, पंधरा दिवसांचे १,२०,०००. नळकांडी दोन माणसं, दोन बुड्या, पंधरा दिवस मिळून साठ. प्रत्येकी ५००, म्हणजे ३०,०००. उपकरणांचं भाडं आणि किरकोळ १२,०००. बेरीज अडीच लाख.

कंटिन्जन्सी वीस हजार. तेवढ्यात बोट अडीच दिवस मिळते, बाकी काहीच नाही. पाच वर्षांची कंटिन्जन्सी न खर्चता साठवता आली असती (येत नाही), तरी लाखभर झाली असती, आणि एका मोसमाचा निम्मा खर्चही भागला नसता. आणि एका मोसमावर पीएच.डी. होत नाही.

हिशेबात न दिसणारा आणखी एक खर्च म्हणजे वेळ. २००१ पासून भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या पंक्तीला. अभयारण्यात किंवा वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात अभ्यासाला उतरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. तुकडा तोडून आणायचा तर प्रकरण केंद्र सरकारपर्यंत जातं. कायदा योग्यच आहे, तो नसता तर भित्तीचे तुकडे दुकानात टांगलेले दिसले असते. पण अर्ज फिरत असताना फेलोशिपचं घड्याळ थांबत नाही. परवानगी आली आणि पैसे संपले, किंवा पैसे आले आणि परवानगी अडकली, या दोन्ही तऱ्हा या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीच्या.

आणि पावती! नावाडी म्हातारा माणूस, त्याच्याकडे जीएसटीचं बिल कुठून असणार? मग कोऱ्या कागदावर मजकूर लिहायचा, रक्कम पाच हजारांवर असेल तर रुपयाचं महसुली तिकीट चिकटवायचं, त्यावर सही किंवा अंगठा. लेखा विभाग ती पावती मान्य करील की नाही हे त्या दिवशीच्या कारकुनावर अवलंबून. समुद्रशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा धडा नाही.

५. मग काम होतं तरी कसं?

मुख्यतः मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून. प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ केंद्राच्या एखाद्या खात्याकडे प्रस्ताव पाठवतो. पूर्वी विज्ञानासाठी एसईआरबी नावाचं मंडळ होतं, २०२३ च्या कायद्यानं त्याची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठाननं घेतली. पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि पर्यावरण मंत्रालय हे आणखी दोन दरवाजे. मंजूर रकमेचे कप्पे ठरलेले असतात: मनुष्यबळ, साहित्य, प्रवास, उपकरणं, किरकोळ. एका कप्प्यातले दुसऱ्यात टाकायचे तर पुन्हा परवानगी. बोटभाडं कुठल्या कप्प्यात बसतं? कोणी प्रवासात बसवतं, कोणी किरकोळीत. प्रस्ताव लिहिणारा प्रयोगशाळेतला असेल तर बोट लिहायचीच विसरतो.

प्रकल्पावर नेमलेला विद्यार्थी प्रकल्पाच्या प्रश्नावर काम करतो. झेडएसआयसारख्या संस्थेत सर्वेक्षणाचे स्वतःचे दौरे असतात आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थी जाऊ शकतात. माझ्या मते ही सगळ्यांत चांगली सोय आहे, कारण बोट, परवानगी आणि जाणती माणसं एका जागी मिळतात. अर्थात दौऱ्याचा मार्ग दौरा ठरवणाऱ्याचा. ‘इन्व्हेस्टिगेटर’वरचे डॉक्टर हे वाचून मान डोलावतील.

तिसरी वाट छोट्या खासगी अनुदानांची. ब्रिटनचं रफर्ड फाउंडेशन तरुण संवर्धन-संशोधकांना काही हजार पौंडांची अनुदानं देतं आणि भारतातल्या अनेकांनी ती घेतली आहेत. रक्कम सरकारी प्रकल्पापुढे किरकोळ, पण ती थेट क्षेत्रकामासाठी असते. परदेशी अनुदान संस्थेमार्फत घ्यायचं तर त्या संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं असा पैसा दुसरीकडे वळवणंही बंद झालं, त्यामुळे ही वाट अरुंद झाली आहे.

चौथी वाट कुठल्याच हिशेबवहीत सापडत नाही. वनरक्षक गस्तीच्या बोटीत बसवून घेतात, स्कूबावाले रिकाम्या फेरीत जागा देतात, कोळी डिझेलपुरते पैसे घेतात. वंडूरला अंदमान-निकोबार एन्व्हायर्नमेंट टीमचं क्षेत्रकेंद्र आहे, तिथे संशोधकांच्या कित्येक तुकड्या राहून गेल्या. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात प्राध्यापकांच्या आधी नावाड्यांची नावं दिसली, की तो प्रबंध खरोखर पाण्यात उतरून लिहिला आहे असं खुशाल समजावं.

६. एकतीस मार्चनंतरचा समुद्र

पैसा किती याहून पैसा कधी, हा प्रश्न प्रवाळांच्या बाबतीत जास्त अवघड आहे.

उन्हाळ्यात समुद्राचं पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा साधारण एका अंशानं वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर पॉलिप आपल्यातली शैवालं बाहेर टाकतो. रंग शैवालांचा असतो, तो गेला की खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शैवालं परततात. नाही निवलं तर तो मरतो, आणि काही आठवड्यांत त्यावर शेवाळ चढतं. मग तो या उन्हाळ्यात मेला की आधीच मेलेला होता, हे सांगणं कठीण होऊन बसतं. म्हणून संशोधकानं तीनदा जायला हवं: आधी, ऐन वेळी आणि नंतर.

ऐन वेळ कोणती? आपल्याकडे एप्रिल-मे. अंदमानात २०१० चं मोठं विरंजन याच दिवसांत आलं. अमेरिकेच्या नोआ संस्थेनं चौथं जागतिक विरंजन जाहीर केलं ते १५ एप्रिल २०२४ रोजी. अंदमानात मान्सून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो आणि समुद्र बंद होतो. हातात उरतात सहा-सात आठवडे.

आता सरकारी वर्ष पाहा. ते ३१ मार्चला संपतं. उरलेला पैसा परत करायचा किंवा हिशेबात दाखवायचा. मग विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, ते करायचं, लेखापरीक्षकाची सही घ्यायची, वर पाठवायचं. ते मंजूर झालं की पुढचा हप्ता. तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडलेला कोणी पाहिला असेल तर त्याचा सत्कार करावा. म्हणजे प्रवाळ पांढरे पडतात तेव्हा नेमकी थैली रिकामी असते. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान पाहून विरंजनाचे इशारे देते. इशारा वेळेवर येतो, पण तो वाचून बोट ठरवायला पैसे नसतात.

अडीच लाखांऐवजी पन्नास हजार, पण एका ईमेलवर आठ दिवसांत मिळणारे, असा एखादा तातडीचा निधी संस्थांनी बाजूला ठेवला तर विरंजनाच्या कितीतरी नोंदी वाचतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, संचालकाच्या अधिकारातली छोटी रक्कम पुरते. मोठ्या प्रकल्पांच्या घोषणांत मात्र असल्या रकमेला कोणी वाली नसतो.

७. फीत तीच, जागा तीच, वर्षं चोवीस

पैसा सलग राहिला तर काय हाती लागतं, याचा दाखला लक्षद्वीपचा. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या मंडळींनी १९९८ च्या विरंजनापासून तिथल्या भित्तींवर नजर ठेवली. विद्यार्थी बदलले, अनुदानं बदलली, तरी पाहणी सुटू दिली नाही. चोवीस वर्षांनी त्यांना सांगता आलं की जिवंत प्रवाळांचं आच्छादन ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं आहे. कोणा एका पीएच.डी.च्या पाच वर्षांत हे दिसलं नसतं. दोन विरंजनांच्या मधल्या काळात आलेल्या विद्यार्थ्याला तर भित्ती सुधारतेय असंही वाटलं असतं, आणि त्याची मोजणी बरोबरच असती.

आपल्या किनाऱ्यावर पाहा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ काठावरून होडीनं गाठता येतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेपासून ते फार लांब नाहीत, तारकर्लीला स्कूबाची सोय आहे. त्यामुळे तिथल्या विरंजनाच्या आणि रोगांच्या नोंदी झाल्या. मात्र विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, पाणी नितळ, प्रवाळ भरपूर. किनाऱ्यापासून एवढ्या लांब रोज जाऊन-येऊन काम होत नाही. रात्री समुद्रातच काढाव्या लागतात, म्हणजे मोठं जहाज, खलाशी, डॉक्टर, बुडी मारणाऱ्याला त्रास झाला तर उपचारासाठी दाबकक्षाची तजवीज. डिसेंबर २०१९ मध्ये वन्यजीव संस्था, केंद्रीय संशोधन संस्था आणि राज्याचं वनखातं यांना एकत्र यावं लागलं, तेव्हा तिथली मोहीम निघाली. वीस हजारांच्या कंटिन्जन्सीवर आंग्रियाचा प्रबंध कोणी लिहायला घेतला, तर विजयदुर्गच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंतच त्यातले बरेच पैसे संपलेले असतील.